जाळी नसलेला गोल

मी फुटबॉलच्या टीममध्ये गेलो तो उंचीमुळे. खेळ येत होता म्हणून नव्हे. वळसंगहून सोलापूरला कॉलेजात आलो तोवर फुटबॉलला माझा पाय कधी लागलेला नव्हता. गावात आम्ही कबड्डी खेळायचो आणि विहिरीत सूर मारायचो, एवढंच. दुसऱ्या वर्षाला असताना एका दुपारी जिमखान्याच्या सरांनी मला व्हरांड्यात अडवलं, वरून खालपर्यंत पाहिलं आणि हात वर करायला सांगितलं. मी केला. बोटं तुळईला टेकली. सर म्हणाले, उद्या संध्याकाळपासून ग्राउंडवर यायचं.

टीमचा जुना गोलकीपर गिरणीत बदली कामगार म्हणून लागला होता. त्याच्या मागोमाग आणखी काही चांगली पोरं कॉलेज सोडून गेली होती. बहात्तरचं साल ते. पाऊस आलाच नव्हता. ज्या घरात दोन हात मोकळे होते, त्या घरानं ते कामाला लावले होते. सरांना अकरा पोरं जमवायची होती. त्यांचा स्वतःचा खेळ खो-खोचा. फुटबॉलचे नियम ते पुस्तकात बघून सांगायचे, आणि ते लपवायचेही नाहीत. त्याआधीची टीम नावाजलेली होती म्हणे. जिमखान्याच्या कपाटात कप होते, भिंतीवर छाती फुगवून बसलेल्या पोरांचे फोटो होते. आम्ही त्या फोटोंखाली बसून बूट बांधायचो आणि वर कुणी बघायचं नाही.

टीममध्ये निम्म्याहून जास्त पोरं शहराच्या पूर्व भागातली, विणकरांच्या घरातली. सकाळी कॉलेज, दुपारी माग, संध्याकाळी ग्राउंड, असा त्यांचा दिवस. ती आपसात तेलुगू बोलायची. उरलेली तीन-चार पोरं मुसलमान, त्यांची बोली दखनी. माझ्याशी सगळे मराठीत बोलायचे, पण ते कामापुरतं. खेळ सुरू झाला की प्रत्येकाच्या तोंडून आपापल्या घरातली भाषा यायची. मी मागे गोलमध्ये उभा राहून ते सगळं ऐकायचो. पुढे काय ठरतंय, कोण कुणाला कुठं जायला सांगतोय, काही कळायचं नाही. चेंडू माझ्याकडे आला की तेवढं कळायचं.

आमचा कॅप्टन विजापूर वेशीतला. बुटका, रुंद छातीचा, चालताना पाय किंचित बाहेर टाकणारा. तो बॅक खेळायचा, म्हणजे माझ्या अगदी पुढ्यात. पहिल्या दिवशी त्यानं मला गोलच्या मधोमध उभं केलं, दोन्ही खांबांना हात लावून यायला लावलं आणि म्हणाला की हे तुझं घर, ह्यातून बाहेर कधी यायचं ते मी सांगेन. मग तो रोज जास्तीचा थांबून माझ्यावर चेंडू मारायचा. जमीन इतकी तापून कडक झालेली की उडी मारली की कोपराची सालटी निघायची. मी खोलीवर जाऊन त्यावर हळद लावायचो. दुसऱ्या दिवशी तो आधी माझी कोपरं बघायचा आणि मग चेंडू हातात घ्यायचा.

पहिली मॅच शहरातल्याच दुसऱ्या कॉलेजशी होती. पाच गोल झाले आमच्यावर. आमच्या गोलला जाळी नव्हती. नुसते दोन खांब आणि वर एक आडवा बांबू. त्यामुळे गोल झाला की चेंडू थांबायचा नाही, तो मागे वेड्या बाभळींच्या झुडपात जायचा, आणि तो आणायला गोलकीपरनंच जायचं असा रिवाज. म्हणजे गोल खायचा मी आणि पाठ फिरवून काट्यांत वाकून चेंडू शोधायचाही मीच. पलीकडे त्यांची पोरं एकमेकांना मिठ्या मारत असायची. मी चेंडू घेऊन परत येईपर्यंत सगळे आपापल्या जागी उभे राहून माझी वाट बघत असायचे. दहा आमचे, अकरा त्यांचे, रेफरी, आणि कडेला उभी पोरं. एवढी माणसं आपल्याकडे बघतायत आणि आपण चालत येतोय, ते अंतर संपता संपायचं नाही.

आणि दर गोलनंतर विणकरांची पोरं माझ्याकडे वळून काहीतरी म्हणायची. ‘पोनी’, ‘पोनीलेरा’ असं काहीसं. सगळे तेच म्हणायचे. मला वाटायचं, ही शिवी आहे. दुसरी मॅच हरलो तेव्हाही तेच. तिसऱ्या मॅचला मी त्या शब्दाची इतकी धास्ती घेतली की गोल झाल्यावर त्यांच्याकडे बघायचंच टाळू लागलो. सामना संपला की सरळ पिशवी उचलून निघायचो. शेवटी कॅप्टननं एकदा विचारलं की तू पोरांशी तोडून का वागतोस. मी सांगितलं की ते मला शिव्या देतात. कुठली, असं त्यानं विचारलं. मी शब्द सांगितला.

“अरे, पोनी म्हणजे जाऊ दे,” तो म्हणाला. “जाऊ दे रे, सोड, असं म्हणतात ते तुला.”

मला फार वाईट वाटलं त्या दिवशी. पण शब्दाचा अर्थ कळला म्हणून मी त्यांच्यातला झालो असं काही झालं नाही. मॅच संपली की ती पोरं दोन-दोन, तीन-तीन करून सायकलींवर बसायची आणि बोलत बोलत साखरपेठेकडे जायची. मी भवानी पेठेतल्या माझ्या खोलीकडे पायी निघायचो.

खोली एका विणकराच्या घरामागे होती. भिंतीला लागून त्यांचे माग. दिवसभर त्या भिंतीतून खटखट यायची, इतकी की पेला फळीवर ठेवला तर हळूहळू सरकायचा. सुरुवातीला त्या आवाजानं डोकं उठायचं. पुढे शुक्रवारी सुट्टीला माग बंद असले की खोली मला जास्त मोठी वाटायची. खानावळीत जेवायला जायचो तिथं मिलोच्या लालसर भाकरी मिळायच्या, अमेरिकेहून आलेल्या ज्वारीच्या. जेवणारे सगळे एकेकटे, ताटाकडे बघत जेवणारे. कधी कधी लक्षात यायचं की सकाळपासून आपण कुणाशी पूर्ण वाक्य बोललेलो नाही. वर्गात हजेरीला ‘यस सर’ म्हटलं असेल तेवढंच. म्हणून हरत असूनही मी ग्राउंडवर जायचो. तिथं निदान कॅप्टन माझ्या पुढ्यात असायचा. चेंडू आमच्या अर्ध्यात आला की तो मागे न बघता बोलायचा, “हूं मैं, हूं मैं.” ते दोन शब्द मला उद्देशून असायचे हे नक्की.

त्या हिवाळ्यात एकदा वडील सोलापूरला आले. गावाकडे पाझर तलावाचं काम निघालं होतं, त्यावर ते खडी फोडायला जात. बाजाराच्या दिवशी सुट्टी असायची. ते मला भाकरी आणि शेंगाचटणी द्यायला आले, खोलीला कुलूप बघितलं आणि घरमालकिणीला विचारून थेट ग्राउंडवर पोचले. आमची मॅच चालू होती. गिरणी कामगारांच्या एका टीमशी दोस्तीची मॅच होती ती, पण हरणं तसंच होतं. वडील माझ्या गोलच्या मागे, बाभळीच्या अंगाला येऊन उभे राहिले. हातात गाठोडं. ते आल्याचं मला कळलं ते चेंडू आणायला गेलो तेव्हा. त्यांनी आधीच काट्यांतून चेंडू काढून हातात धरला होता. तो त्यांनी मला दिला. मग पुढच्या प्रत्येक गोलला तेच चेंडू काढून देत राहिले. पटका सावरत वाकायचे, चेंडूची माती हातानं झटकायचे आणि मला द्यायचे.

मॅच संपल्यावर आम्ही ग्राउंडच्या कडेला बसलो. त्यांनी गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं.

“तू एकटाच का रं मागं उभा?” त्यांनी विचारलं. “बाकीचे तुला खेळात घेत न्हाईत व्हय?”

मी सांगितलं की तसं नाही, एकानं मागं थांबायचंच असतं. चेंडूला हात लावायची परवानगी त्या एकालाच असते. बाकी कुणी हात लावला तर चूक धरतात. त्यांनी ते नीट ऐकून घेतलं. शेताच्या बांधाचं काही समजून घ्यावं तसं.

“मंग समदं तुज्यावरच हाय की,” ते म्हणाले.

मी हो म्हटलं. अक्कलकोटच्या रस्त्याला गाडी मिळते तिथवर मी त्यांना सोडायला गेलो. गाडी आली, ते चढले, आणि खिडकीतून एवढंच म्हणाले की उडी मारताना डोकं जपत जा. गाडी कुंभारीकडे वळेपर्यंत मी तिथं उभा होतो. मग गाठोडं घेऊन खोलीवर आलो. भाकरी ज्वारीच्या होत्या, आमच्या पांढऱ्या ज्वारीच्या. घरात त्या वर्षी तशी ज्वारी कितीशी होती हे मला ठाऊक होतं. मी त्या दोन दिवस पुरवून खाल्ल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कॅप्टन मला ग्राउंडबाहेर भेटला. बूट आणले नव्हते, पायात चपला होत्या. त्याचे वडील ट्रकवर ड्रायव्हर होते. त्यांना कावीळ झाली होती आणि ती हटत नव्हती. मामाचा एक ट्रक हुबळीच्या बाजूला चालायचा, त्यावर त्याला क्लीनर म्हणून जावं लागणार होतं. परीक्षेचं काय, असं मी विचारलं. त्यानं खांदे उडवले. मग तो माझ्याबरोबर चालत ग्राउंडवर आला, गोलच्या जवळ थांबला आणि खांबावर हात ठेवून उभा राहिला.

“मैं गया तो तू बी छोड नक्को,” तो म्हणाला. “तू गया तो यहां कौन खड़ा रहेगा?”

मी म्हटलं, नाही सोडणार. त्यानं सरांना नमस्कार केला, पोरांना हात केला आणि तो गेला. सर खुर्चीत बसून होते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली, पण बराच वेळ वाजवली नाही.

त्याच्या जागी आलेला बॅक पूर्व भागातला. चांगला मुलगा, पण तो मागे वळून बोलायचा नाही, आणि पुढे काय ओरडतोय ते मला कळायचं नाही. मला तर आता आवाजाची सवय लागलेली. चेंडू आमच्या बाजूला आला की मी ते दोन शब्द ऐकायची वाट बघायचो आणि तेवढ्यात चेंडू माझ्या अंगावरून गेलेला असायचा.

कोल्हापूरला विद्यापीठाच्या मॅचसाठी गेलो तेव्हा आम्ही कसेबसे अकरा होतो, बदली एकही नाही. तिथं माणसं फुटबॉल बघायला येतात हे आम्ही ऐकून होतो. ग्राउंडच्या चारी बाजूंना गर्दी. म्हातारी माणसं पानं चघळत पायांच्या खेळावर बोलत होती. आणि तिथल्या गोलला जाळी होती. मॅचच्या आधी मी तिला हात लावून बघितला. जाड सुती दोरीची जाळी, पावसानं काळी पडलेली.

किती गोल झाले ते मी मोजायचं सोडून दिलं. लक्षात राहिली ती एकच गोष्ट. गोल झाला की चेंडू जाळीत अडकून माझ्या पायाशी यायचा. कुठं जावं लागायचं नाही. मला वाटायचं हे बरं. पण तसं नव्हतं. काट्यांत चेंडू शोधताना पाठ सगळ्यांकडे असायची, तोंड कुणाला दिसायचं नाही. इथं लगेच वाकायचं, लगेच उभं राहायचं आणि समोर बघायचं. त्यांच्या लोकांनी आमची टर उडवली नाही. शेवटी शेवटी तर ते गप्पच झाले होते. ते गप्प होणं मला फार लागलं.

परतीच्या एसटीत विणकरांची पोरं मागच्या बाकांवर एकमेकांच्या खांद्यावर माना टाकून झोपली. सर पुढे ड्रायव्हरच्या मागे बसले होते. मी मधल्या एका खिडकीला एकटा. शेजारची जागा रिकामी होती, त्यावर चेंडूची पिशवी ठेवलेली. सांगोल्याच्या पुढे रान उघडं पडलेलं, काळी ढेकळं आणि मधूनच रिकामी बैलगाडी. सर एकदा उठून माझ्यापाशी आले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण त्यांनी पिशवी उचलून वर फळीवर ठेवली, क्षणभर शेजारी बसले आणि परत आपल्या जागी गेले.

आता एकच मॅच उरली होती, आमच्याच ग्राउंडवर, बाहेरगावच्या एका कॉलेजशी. ठरल्या वेळी आम्ही तयार होतो. रेफरी आले. कडेला पाच-सहा पोरं बघायला बसली. समोरची टीम आली नाही. सरांनी ऑफिसातून फोन लावून बघितला. त्या कॉलेजनं पाण्याअभावी सुट्टी जाहीर केली होती आणि टीम निघालीच नव्हती. रेफरी घड्याळ बघत थांबले. नियमाप्रमाणे जेवढं थांबायचं तेवढं थांबून झाल्यावर म्हणाले, वॉकओव्हर द्यावा लागेल. पण त्यासाठी टीमनं मैदानात उतरायला हवं. सरांनी पुस्तकात बघितलं आणि मान डोलावली.

म्हणून आम्ही उतरलो. प्रत्येकजण आपापल्या जागी जाऊन उभा राहिला. मी गोलमध्ये गेलो आणि सवयीनं दोन्ही खांबांना हात लावून मधोमध आलो. समोर आमच्या दहाजणांच्या पाठी आणि त्यांच्यापुढे रिकामं अर्धं ग्राउंड. शेवटी तिकडचा गोल, त्यात कुणी नाही. रेफरींनी शिट्टी वाजवली. आमच्या फॉरवर्डनं चेंडूला पाय लावला. पुन्हा शिट्टी झाली आणि मॅच संपली. आम्ही जिंकलो होतो.

कुणी ओरडलं नाही. कडेला बसलेल्या पोरांपैकी एकानं टाळी वाजवली आणि बाकीचे वाजवत नाहीत बघून थांबला. सरांनी एकेकाशी हात मिळवला. माझा हात त्यांनी जरा जास्त वेळ धरला. सायकली निघाल्या. मी बूट काढून पिशवीत टाकले आणि ठरवलं नसताना विजापूर वेशीच्या रस्त्याला लागलो. हे सांगावं असं एकच माणूस होतं.

त्याचं घर मी एकदाच बाहेरून पाहिलं होतं. गल्लीत विचारत गेलो. त्याची आई दारात तांदूळ निवडत बसली होती. आतून त्याच्या वडिलांच्या खोकण्याचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं. तिनं मला लगेच ओळखलं, म्हणजे नावानं नव्हे. म्हणाली, वो गोल में खड़ा रहता सो लड़का. त्यानं घरी माझ्याविषयी सांगितलं होतं तर. तो ट्रकवर गेलेला होता, दोन दिवसांत येणार होता. तिनं मला बसवलं, आत जाऊन बशीतून चहा आणला आणि माझा चहा पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिली.

“आज खेल था ना?” तिनं विचारलं. “जीते क्या?”

मी हो म्हटलं.

“तेरे पे कितने गोल हुए?”

“एकही नाही,” मी म्हटलं.

तिचा चेहरा उजळला. तिनं आत वळून मोठ्यानं नवऱ्याला सांगितलं की पोरं जिंकली, गोलवाल्यानं एकही गोल जाऊ दिला नाही. आतून खोकता खोकता ते काहीतरी म्हणाले. माशाअल्ला असावं. मला तिथून उठवेना आणि बसवेनाही. चहाची बशी खाली ठेवली आणि निघालो. ती म्हणाली, तो आला की आधी हेच सांगते.

चार-पाच दिवसांनी तो खोलीवर आला. दुपारची वेळ, माग चालू होते, त्यामुळे दोघांनाही मोठ्यानं बोलावं लागत होतं. तो वाळला होता. हातांच्या रेषांत ऑइल बसलेलं. ग्राउंडवरच्या पोरांकडून त्याला सगळं कळलेलं होतं. तो खाटेच्या कडेवर बसला आणि म्हणाला की अम्मी गल्लीभर सांगत फिरतेय. मी खाली बघितलं.

“मैं कुछ बोल्या नहीं उसको,” तो म्हणाला. “खुश है. रहने दे.”

मग त्यानं विचारलं की वॉकओव्हरला सुद्धा गोलमध्ये उभं राहावं लागतं का. मी म्हटलं, लागतं. त्यानं मान हलवली. आम्ही दोघं हसलो नाही. भिंतीपलीकडची खटखट ऐकत बसलो. जाताना त्यानं दारातून माझी कोपरं बघितली. जुने डाग होते नुसते.

पुढच्या वर्षी त्याचे वडील वारले आणि सगळं कुटुंब हुबळीला मामाकडे गेलं. कॉलेजनं फुटबॉलची टीम उतरवली नाही. सरांनी मला बोलावून सांगितलं, बसायला खुर्ची दिली, आणि खो-खोला येशील का असं विचारलं. मी नको म्हटलं. तरीही बरेच दिवस संध्याकाळ झाली की माझे पाय ग्राउंडकडे वळायचे. तिथं हॉकीची पोरं खेळायला लागली होती. मी कडेला बसायचो. कधी चेंडू माझ्याकडे आला तर उचलून परत फेकायचो, पोरं हात करायची, आणि खेळ पुढे चालू व्हायचा. अंधार पडायला लागला की मी उठायचो, कपड्यांची माती झटकायचो आणि खानावळीच्या रस्त्याला लागायचो.